पावण्याचा कौल

आमच्याकडे ससा आला तो दोन दिवसांसाठी. समोरच्या बिऱ्हाडाला गौरी-गणपतीला गावी जायचं होतं आणि त्यांच्या मुलीने हट्ट करून घेतलेला ससा ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. आमचं दार सगळ्यात जवळ. पिंजरा, अर्धी पिशवी दाणे आणि "काही त्रास देत नाही हो ताई" एवढं हवाली करून ती माणसं गेली. परत आली ती सामान हलवायलाच. द्रोणागिरीला त्यांना मोठं घर मिळालं होतं. टेम्पोत कपाट चढलं, गॅस चढला, तुळशीची कुंडीसुद्धा चढली, ससा तेवढा चढला नाही. मी फोन करून चांगली खरडपट्टी काढणार होते, पण आबांनी फोन हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पावणं हाय. पावण्याला कोन घालवतंय व्हय?"

तेव्हापासून आबा त्याला पावणं म्हणायला लागले, आणि तेच राहिलं.

मला प्राण्यांचं कौतुक कधीच नव्हतं. कोपरखैरण्याचं आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर आम्हीच चढवलेली दुसरी, आणि जिन्याखाली मोरी. तिथे माणसांनाच अंग चोरून राहावं लागतं. त्यात हा चार पायांचा पाहुणा चार्जरच्या वायरी कुरतडायचा, दाराच्या पायपुसण्यावर हक्काने झोपायचा, आणि एका दुपारी त्याने माझ्या नव्याकोऱ्या चपलेचा पट्टा फस्त केला. मी त्याला मेल्या म्हणायचे. आबा म्हणायचे, "शिव्या दिऊ नगंस, त्येला समदं कळतंय." मला ते पटत नव्हतं. सशाला एवढंच कळतं की फ्रिज उघडला की कोथिंबीर निघते, असं माझं स्पष्ट मत होतं.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी साताऱ्याकडून आले आणि सगळा जन्म मार्केटात माथाडी म्हणून कांद्याची पोती वाहिली. मानेच्या मागची त्यांची कातडी अजून टाचेसारखी टणक आहे. काम सुटलं तरी सकाळचं मार्केट सुटलं नाही. ओळखीच्या गाळ्यावर बसायचं, चहा प्यायचा, आपल्या टोळीतले कोण राहिले, कोण गेले हे विचारायचं आणि पिशवीभर पाला घेऊन घरी यायचं. आई होती तोवर ती या पिशवीवरून रोज भांडायची. मग एक दिवस आई गवार निवडता निवडता गेली. हाक मारायलाही थांबली नाही. दवाखाना नाही, धावपळ नाही, काही ठरवायची वेळच आली नाही.

"येळच दिला न्हाय तिनं," आबा म्हणाले, आणि त्यानंतर जवळजवळ बोलायचेच बंद झाले. माझ्याशी बोलायचे ते आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायला. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. महाप्याच्या एका कंपनीत मी डिस्पॅच सांभाळते. दिवसभर ड्रायव्हर लोकांवर ओरडून यायचं आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसलेल्या माणसासमोर ताट ठेवायचं, हे मी कसं काढलं ते माझं मला माहीत.

पावण्याशी मात्र आबा बोलायचे. संध्याकाळी गल्लीतून येताना मला दाराबाहेरच त्यांचा आवाज ऐकू यायचा. कांदा कसा चढलाय, कुठल्या दोस्ताला नातू झाला, आई कशी मेथी निवडताना अर्धी कच्चीच खायची, सगळं सशाला सांगणं चाललेलं असायचं. ससा त्यांच्या खांद्यावर बसून मानेमागची ती टणक कातडी चाटत असायचा. मी चपला काढून हातात घ्यायचे आणि तशीच बाहेर उभी राहायचे. माझ्या बापाच्या मनात काय चाललंय ते मला असं चोरून कळायचं. मी आत पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. त्या सशाचा मला हेवा वाटायचा, आणि त्याच्याशिवाय या घरात आवाज उरणार नाही हेही मला कळत होतं.

आधी त्याने काड्या टाकायला सुरुवात केली. कोथिंबिरीची पानं खायची, देठ सोडायचे. आबांना वाटलं, लाडावलाय. ते देठ खुडून नुसती पानं द्यायला लागले. मग हनुवटी सारखी ओली दिसायला लागली, तिथले केस चिकटून त्याची बट झाली. आणि मग जबड्याखाली हाताला गाठ लागली. आबांनी हळद उगाळून लावली, पांढऱ्या सशाची दाढी पिवळी झाली. जवळच्या डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, ससा तुम्ही सीवूड्सला न्या, तिथे एक मॅडम आहेत.

मॅडम म्हणजे माझ्याहून निम्म्या वयाची मुलगी. तिने सशाला टॉवेलात गुंडाळलं, तोंडात बारीक दिवा घातला आणि दोन्ही गालांच्या आत नीट बघितलं. मग आबांना समोर बसवून सांगितलं.

"आजोबा, सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. सुकं गवत चघळून चघळून ते झिजतात. ह्याच्या मागच्या दाढा वाकड्या वाढल्यात, एकीचं मूळ जबड्यात सडलंय, तिथे पू झालाय. सशाचा पू घट्ट असतो, नुसत्या गोळ्यांनी निघत नाही. ऑपरेशन करू या."

"म्या तर कवळा कवळा पाला द्यायचो," आबा म्हणाले. "मार्केटातला. ताजा."

"प्रेमानेच देतात सगळे," ती म्हणाली, आणि विषय बदलला. त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

ऑपरेशन झालं. सुक्या गवताचं पाकीट ऑनलाइन मागवलं. आबांनी त्यातली काडी नाकाशी धरली आणि म्हणाले, "आमच्याकडं ह्ये बैलाखाली अंथरत्यात." पण दिलं. रोज मी ऑफिसला जायच्या आधी जखम धुवायचे आणि औषध घालायचे. आबा सशाला मांडीवर धरून बसायचे आणि त्याला गावाकडच्या विहिरीची गोष्ट सांगायचे, माझ्यासमोर, मी तिथे आहे हे विसरून. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. आजारी सशाच्या जिवावर मला माझा बाप बोलताना ऐकायला मिळत होता.

काही आठवडे बरे गेले. मग गाठ पुन्हा आली, या वेळी दोन बाजूंना.

त्याने स्वतःहून खाणं सोडलं. पावडर पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी भरवायची. पहिल्यांदा तो मागच्या पायांनी असा झुंजायचा की माझ्या दोन्ही मनगटांवर ओरखडे उठले होते. नंतर झुंजायचं थांबला. तोंडात येईल ते गिळायचा, नाहीतर गळू द्यायचा. ते ओरखडे परवडले होते. आबा पिंजऱ्यातल्या लेंड्या बोटाने बाजूला करून बघायचे, शेळ्यांच्या बघायचे तशा. मोठ्या, गोल असल्या की दिवस बरा. बारीक, मण्यांसारख्या दिसल्या की ते जेवायचे नाहीत. आणि दात वाजायचे. कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला असायचा आणि कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा. मी आधी समजले, काहीतरी खातोय. डॉक्टर म्हणाली, "दुखतंय त्याला. एवढाच आवाज करतात ते. जंगलात दुखणं दाखवलं तर कुणीतरी उचलून नेणार, म्हणून लपवतात."

त्यानंतर मला घरात दुसरं काही ऐकूच येईना. कुकरची शिट्टी झाली तरी मी आधी कोपऱ्याकडे बघायचे.

डॉक्टरने दोन्ही रस्ते सांगितले. आणखी एक मोठं ऑपरेशन, जबड्याचं सडलेलं हाड काढायचं. तो टेबलावरच जाऊ शकतो, आणि वाचला तरी गाठ पुन्हा येणार नाही असं ती लिहून देऊ शकत नव्हती. किंवा इंजेक्शन देऊन त्याला कायमचं सोडवायचं. "तुमच्या जागी मी असते तर दुसरं केलं असतं," ती म्हणाली. "पण ठरवायचं तुम्ही."

रिक्षात आबा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. एका सिग्नलला म्हणाले, "आमच्या गोठ्यात बैल म्हातारा झाला. दात गेलं, उठता येईना. बाजार दाखवला न्हाय त्येला. खुट्यालाच ठिवला. त्यो आपल्या मरनानं मेला."

"किती दिवस पडून होता?" मी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं, कारण त्या बैलाच्या अंगावर पडलेल्या जखमांची गोष्ट आईने मला सांगितली होती. पण माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच. घरी आल्यावर पिंजरा खाली ठेवायच्या आत मी बोलून गेले, "तुम्हाला तो त्याच्यासाठी नकोय आबा. तुम्हाला तो तुमच्यासाठी पाहिजे."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "माज्यासाठीच पायजे. दुसरं कोन हाय मला?"

मी समोर उभी होते. भाकऱ्या थापणारी, औषधं आणणारी, पन्नाशीला आलेली त्यांची मुलगी. मी वर गेले आणि गॅलरीत वाळत घातलेले, अजून ओलेच असलेले कपडे काढून घड्या घालत बसले.

मी आबांना दोष देत होते, पण ठरवता मलाही येत नव्हतं. एखाद्या सकाळी तो दोन्ही पुढचे पाय ओले करून तोंड धुवायचा, कान खाली ओढून पुसायचा, आणि मला वाटायचं, ज्याला अजून स्वतःच्या कानांची काळजी आहे त्याला मरायचं कसं असेल? संध्याकाळी यायचे तर तोच कोपरा, तोच आवाज. मग मी डॉक्टरला फोन लावायचे आणि उचलायच्या आत कट करायचे. शेवटी एकदा मी मन घट्ट केलं, शनिवारची वेळ घेतली आणि आबांना सांगितलं.

आबांनी देवघराकडे बघितलं. मग म्हणाले, "कौल लावू."

आमच्या गावाकडे कुठलंही मोठं काम कौलाशिवाय होत नाही. देवाच्या दगडी मूर्तीला छातीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही. आबा मुंबईला आले ते कौल घेऊन. हे घर घेतलं ते कौल घेऊन. माझं पहिलं स्थळ डाव्या कौलात मोडलं, आणि दुसऱ्याला आमच्या देवाने उजवा दिला तर मुलाकडच्या देवाने डावा दिला. तेव्हापासून देवांनी आपसांत आधी बोलून घ्यावं असं मी म्हणते. त्यामुळे कौल म्हटलं की माझं डोकं सटकतं.

"गावाला जायचं का आता ससा घेऊन?" मी म्हणाले. "एसटीत बसवायचा त्याला?"

"गावाला कशाला? जीव त्येचा हाय. त्येलाच इचारू."

मी हसले नाही. उलट मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. कुणीतरी ठरवणार होतं. मी नाही, आबा नाही, तो स्वतः. शिकलेली बाई आहे मी, रोज कॉम्प्युटरवर काम करते. पण त्या क्षणी मला त्यात काही चूक दिसली नाही.

शनिवारी सकाळी आबांनी अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली, देवघरासमोर पाट मांडला आणि पावण्याला त्यावर बसवलं. उजव्या हातात कोथिंबिरीची एक काडी धरली, डाव्या हातात तुळशीचं पान. तुळस कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. आमच्यात माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात तेच ठेवतात. आबांनी दोन्ही हात त्याच्यासमोर सारख्या अंतरावर धरले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बाबा, तुजं तूच सांग. ऱ्हायचं आसंल तर उजवं घे. जायचं आसंल तर डावं घे. आमी तुज्या मनाबाहीर न्हाय."

पोती पेलणाऱ्या हातांत एक काडी आणि एक पान होतं. पावण्याचं नाक हलत होतं. तो बराच वेळ तसाच बसला. मी कुठल्या बाजूने होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मग त्याने मान लांब केली, उजव्या हाताशी नाक नेलं आणि कोथिंबिरीची काडी तोंडात घेतली.

"उजवा," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा वेडावाकडा होत गेला की मला आधी वाटलं त्यांना काही झालं. ते रडत होते. आई गेली तेव्हा जे रडले नव्हते तेही सगळं त्यात होतं. मीही रडले. मग मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, आज येत नाही, तो खायला लागलाय. आबांनी मला शिरा करायला लावला आणि गल्लीत स्वतः वाटला. शेजारणीने विचारलं, काय विशेष? आबा म्हणाले, "पावण्यानं कौल दिला." इतकं हसून की ती बिचारी काही न कळताही हसली.

त्या दिवशी आबा माझ्याशीही बोलले. जेवताना त्यांनी मला विचारलं, तुझ्या कंपनीत नक्की काय पाठवतात? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घास हातात धरून व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगत बसले.

मग पुढचे दिवस आले. तो पुन्हा काही खाईना, पण आता आमच्याकडे कौल होता. मी भरवताना तो मान फिरवायचा तर आबा म्हणायचे, "ऱ्हायचं म्हनलाय त्यो, जरा दम धर." तोंडाला वास यायला लागला, मी म्हणाले औषधाचा असेल. तो आबांच्या खांद्यावर चढायचा नाही. ठेवला तर घसरून खाली यायचा. आबा त्याला पुन्हा उचलून ठेवायचे. मग पिंजऱ्यातल्या लेंड्या पार बंद झाल्या. आबा रिकाम्या ट्रेसमोर बसून राहिले. मग टोपी घालून आपणहून म्हणाले, "चल. मॅडमकडं नेऊ."

डॉक्टरला वासावरूनच कळलं असावं. तिने तोंडात दिवा घातला, चिमटा मागितला आणि गालाच्या आतून काहीतरी हळूहळू ओढून काढलं. काळी पडलेली दोरीच वाटली. तिने ती कापसावर पसरली तेव्हा देठ दिसला, आणि त्याच्या टोकाला चिकटलेली पानं.

"कोथिंबीर?" ती म्हणाली. "ही कधी दिली होती?"

मीच म्हणाले, "शनिवारी. त्याने स्वतःहून घेतली होती."

"घेतली असेल. पण चावता नाही आली, आणि बाहेर टाकताही नाही आली. तेव्हापासून गालात अडकून होती. खाली सगळं सोललंय बघा." तिने मला बघायला बोलावलं. मी बघितलं. आबांना बोलावलं नाही तेच बरं केलं.

"मग घेतली कशाला त्यानं?" आबांनी विचारलं. डॉक्टरला नाही, असंच.

"ओळखीच्या हातातून घेतात आजोबा. सवय असते."

आबांनी आपला उजवा हात उघडून पाहिला. मग तो धोतरावर पुसला आणि ते भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले. "म्या हात फुडं क्येला," ते म्हणाले. "म्या फुडं क्येला म्हनून घेतली त्यानं. माजं मन मोडंना त्येच्यानं."

मी डॉक्टरकडे पाहिलं. ऑपरेशनचं नावही आता तिने काढलं नाही. शिरा केला होता आम्ही. तो तोंडात जखम धरून बसला होता आणि आम्ही गल्लीत शिरा वाटला होता.

"आबा," मी म्हणाले.

"तू सांग," ते म्हणाले. "माज्या तोंडातनं ते निघायचं न्हाय. पर तू सांग."

मी सांगितलं. शब्द साधेच होते, द्या इंजेक्शन. बोलताना माझा आवाज मला ऑफिसातल्यासारखा कोरडा वाटला.

डॉक्टरने समजावून सांगितलं की इंजेक्शनं दोन असतात. पहिलं गुंगीचं आणि दुखणं थांबवण्याचं, त्याने तो शांत होईल. मग दुसरं. तिने आबांना विचारलं, मांडीवर घेता का? आबांनी हात पुढे केले. पहिलं इंजेक्शन दिलं. आम्ही वाट बघत राहिलो.

आधी दातांचा आवाज थांबला. इतके दिवस कानात बसलेला तो आवाज थांबला तेव्हा खोली एकदम मोठी वाटली. मग पावण्याची पाठ, जी कायम वाकलेली असायची, ती सैल पडली. त्याने हनुवटी आबांच्या मनगटावर टेकवली आणि मागचे दोन्ही पाय लांब पसरले. बरा होता तेव्हा दुपारी दारातल्या पायपुसण्यावर तो असाच पाय ताणून पडायचा.

आबांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघ," ते म्हणाले. "बघ गं, पाय लांब क्येलं त्यानं. बरं वाटलं त्येला. मॅडम, थांबा, दुसरं नगं आता. ह्येनंच बरं वाटलंय."

डॉक्टर खाली वाकली. "आजोबा, औषधाने दुखणं दबलंय फक्त. थोड्या वेळाने उतरेल, मग परत सगळं तेच."

"मग ह्येच द्या की रोज," आबा म्हणाले. "रोज यिऊ आमी. मला दुसरं काय काम हाय? रोज घिऊन यीन."

"रोज नाही देता येत ते."

मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे त्यांनी लहानपणापासून कधी काही मागितलेलं नव्हतं. आता मागत होते, मांडीवर पाय पसरून पडलेल्या सशाला दोन्ही हातांनी झाकून. "पोरी, ऐक माजं. आता दुखत न्हाय त्येला. एक दिस घरी नेऊ. एकच. मला बोलू दे त्येच्याशी."

डॉक्टर सिरिंज हातात धरून माझ्याकडे बघत होती. मला त्याला घरी न्यायचं होतं, मी खोटं कशाला सांगू? मलाही तो असाच पायपुसण्यावर पडलेला बघायचा होता. पण त्या कापसावर ती काळी काडी अजून तशीच पडली होती. मी आबांकडे बघितलं असतं तर मला जमलं नसतं, म्हणून मी डॉक्टरकडेच बघत राहिले आणि मान हलवली.

आबांनी हात बाजूला केले नाहीत. डॉक्टरने त्यांच्या बोटांमधूनच जागा करून इंजेक्शन दिलं.

तळवलीला आबांच्या ओळखीच्या एका आजीच्या घरामागे अजून माती उरली आहे. सगळीकडे बिल्डिंगा झाल्या, पण तिने फणसाभोवतालचा तुकडा सोडलेला नाही. आबांनी काही सांगायच्या आधीच तिने फावडं आणून दिलं. "हितंच पुर रं भावा," ती म्हणाली. "आमचा कुतरा बी हाय हितंच." आबांनी खड्डा स्वतः खणला. मी मदतीला हात लावला तर त्यांनी फावडं बाजूला घेतलं. रिक्षात, घरी, जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता हे घर असंच राहणार, आणि ते मीच केलं.

पण तसं झालं नाही. काही दिवसांनी आबा बोलायला लागले, आणि माझ्याशीच. मार्केटात काय झालं ते सांगतात, टोळीतल्या लोकांचं सांगतात, आईचं सांगतात. संध्याकाळी मी आले की दारातूनच सुरू करतात. मला जे हवं होतं ते मला मिळालं आहे. फक्त बोलता बोलता ते मध्येच थांबतात आणि एकच विचारतात.

"तवा त्येला खरंच बरं वाटत हुतं, न्हाय गं?"

नाही म्हणावं, तर पावणं दुखण्यातच गेला असं होतं, आणि ते आबांना सोसायचं नाही. हो म्हणावं, तर बरं वाटत असलेल्या मुक्या जिवाला मी त्यांच्या मांडीवर मारलं असं होतं.

"हो आबा," मी दर वेळी म्हणते. "खूप बरं वाटत होतं."

ते मान हलवतात, थोडा वेळ माझ्याकडे बघतात, आणि मग मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेते.